फोमचा डबा फटीसाठी असतो, भिंतीसाठी नाही



आज खरं तर कांद्याच्या रोपावर लिहिणार होतो. रोप सावरलंय, पिवळेपणा गेलाय, त्याचं पुढच्या खेपेला बघू. आज एक जुनी चूक निस्तरायची आहे, आणि ती माझीच आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात याच पानावर मी आमच्या चाकावरच्या खोलीचे फोटो टाकले होते. जुन्या ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर स्क्वेअर पाइपचा पिंजरा, बाहेरून पत्रा, आणि आतून डब्यातला फोम मारून केलेल्या पिवळ्या फुगीर भिंती. ट्रॅक्टरला जोडायची, ज्या वावरात भरणं असेल तिथं नेऊन उभी करायची. खाली मी लिहिलं होतं, ‘आत गारेगार, बिनधास्त करा.’ त्या ओळीची आज लाज वाटते.

परवा उसाच्या वाटेवर एक ओळखीचे वाहतूकदार भेटले. गाडी थांबवून म्हणाले, “दादा, तुमचं बघून आपण पण चार खोल्या टाकल्यात करायला. टोळीची पोरं रात्री आत झोपतील, वाघराचा घोर मिटला. मिस्त्रीला सांगितलंय, फोम दाबून मार.” माणूस चांगला आहे. टोळीच्या पोरांचा विचार करणारे वाहतूकदार किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण ते बोलत होते आणि माझ्या पोटात गोळा येत होता. म्हणून जे तेव्हा लिहायला हवं होतं ते आज लिहितोय, जरा तिखट लिहितोय.

आधी एक सांगतो, खोलीला माझा विरोध नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात राहणाऱ्याला बिबट्या काय ते समजावून सांगायला नको. उसात त्याची पिल्लं होतात, तिथंच ती वाढतात. आपल्याला लाईट रात्रीची, म्हणजे दारं धरायला रात्रीच जायचं. आणि टोळीवाल्यांची कोपी तर उसाच्या कडेलाच, पाचटाची नाहीतर ताडपत्रीची, दाराला दार नाही. लोखंडी पिंजऱ्याची, कडी लागणारी खोली तिथं उभी राहिली तर चांगलंच आहे. भांडण आहे ते आत फवारलेल्या फोमशी.

तर मला हा फोम कसा गळ्यात पडला? मिस्त्री म्हणाला, “दादा, फ्रीजच्या भिंतीत हेच असतंय. कोल्ड स्टोरेजला पण हेच.” संपलं. द्राक्षवाल्यांचं कोल्ड स्टोरेज मी पाहिलेलं आहे, मला लगेच पटलं. पण हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं लई महागात पडतं. फ्रीजमध्ये आणि कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलमध्ये पॉलियुरेथेनच असतं हे बरोबर. पण ते दोन रसायनं मोजून मिसळून कारखान्यात, दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेलं असतं. त्याचे कण बंद असतात, चारी बाजूंनी झाकलेलं असतं. डब्यातला फोम एकाच रसायनाचा. तो हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. उष्णता अडवायच्या बाबतीत तो साध्या थर्माकोलच्या जवळपास येतो, पॅनेलच्या जवळ नाही. म्हणजे मी थर्माकोलचं काम कितीतरी पट पैसे मोजून करून घेतलं.

पैशाचा हिशेबच सांगतो. खोली १० फूट लांब, ६ फूट रुंद, भिंत ६ फूट उंच. दार-खिडकी वजा जाता भिंती १७२ चौरस फूट, वर छत ६० चौरस फूट. मिस्त्री म्हणाला होता, पंधरा डबे लागतील. डब्यावर लिहिलेलं असतं एवढे एवढे लिटर फेस येतो, ते मोकळ्या हवेतलं. भिंतीवर दीड इंचाचा थर धरला तर ७५० मिलीचा एक डबा आम्हाला ८ चौरस फुटांवर पुरला नाही असं झालं नाही, पण ९ वर कधी गेला नाही. २९ डबे गेले. ४२० रुपयांनी १२,१८० रुपये. गन वेगळी, मजुरी वेगळी. आणि फोम मारून झाल्यावर भिंत कशी दिसते, तर पुरणपोळीचं पुरण भिंतीवर थापल्यासारखी. मग ती करवतीने तासायची. जेवढं तासलं तेवढे पैसे गोणीत भरून बांधावर टाकले.

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. आपण औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचतो, पण हे कोण वाचतो? चौकटीच्या फटी, पाइपभोवतीची भोकं, सांधे, यासाठी हा माल. पृष्ठभाग साफ हवा, थोडा ओला हवा. जाड थर एकदम मारायचा नाही, पातळ थर, तो बसला की दुसरा. का, तर वरची साय धरली की आत ओलावा पोचत नाही आणि आतला फोम कच्चा राहतो. आम्ही काय केलं? मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, तेलकट नव्या पत्र्यावर, एका दमात दीड-दोन इंच.

त्याचं फळ दिसायला पावसाळा उजाडला. छताचा एक तुकडा हात लावताच निघून आला. मागे पत्रा ओला, ठिपके ठिपके गंज, आणि फोमची आतली बाजू ठिकठिकाणी अजून चिकट. पत्रा उन्हानं पसरतो, रात्री आकसतो, रोजचा हा खेळ. ट्रॉली वावरात हिंदकळते ते वेगळंच. फोम त्याच्याबरोबर हलत नाही, तो सुटतो. सुटला की मागे पोकळी, पोकळीत आपल्या श्वासाची वाफ, वाफेचं पाणी. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. चार जण झोपले तर चार पेले. ते गार पत्र्यावर जाऊन बसतं. दाराशी जिथं ऊन लागत होतं तिथला फोम तर वर्षाच्या आत तपकिरी होऊन भुगा झाला. आणि उंदीर? त्यांना तर मऊ बिळं आयतीच मिळाली.

पण हे सगळं पैशाचं नुकसान. पैशाचं नुकसान शेतकऱ्याला नवं नाही, त्यासाठी मी एवढं लिहिलं नसतं.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. उसाला भरणं चालू होतं. थंडी कडक पडली होती. आबा एकाहत्तरचे, ऐकत नाहीत, “मी येतो सोबतीला” म्हणाले. त्यांना खोलीत बसवून मी खाली बारं मोडायला गेलो. आबांनी नेहमीच्या सवयीनं घमेल्यात आर घेतला होता, तो आत ठेवला आणि दार लावून घेतलं. त्यांनी चाळीस वर्षं झोपडीत असाच आर शेजारी घेऊन राखण केली आहे. पण ती झोपडी पाचटाची, तिला शंभर फटी. माझ्या खोलीला मी एक फट ठेवली नव्हती. फोमनं सगळ्या बुजवल्या होत्या, आणि खिडकी आबांनी थंडीची म्हणून बंद केली.

अडीचच्या सुमाराला वर आलो. हाक मारली, ओ नाही. मोती दाराला नख मारत होता. दार आतून लावलेलं. लाथा घातल्या तेव्हा आतून कशीबशी कडी निघाली आणि आबा उंबऱ्यावरच ओकले. म्हणाले, डोकं फुटतंय. आम्हाला वाटलं पित्त. सकाळी तालुक्याला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “झोपताना जवळ शेगडी होती का?” मग ऑक्सिजन लावला. आराचा जो विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं त्याला धरून बसतं. माणूस झोपेतच जातो, कण्हायलाही वेळ मिळत नाही. आबा वाचले ते बहुतेक मी पाणी लवकर मोडलं म्हणून.

आता कोणी म्हणेल, यात फोमचा काय दोष, आर आत नेणाऱ्याचा दोष. बरोबर आहे. पण मग टोळीच्या खोलीचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीची रात्र, आत पाच-सहा लेकरं, कोणाचं तान्हं आहे, कोणाला खोकला आहे. आई पहाटे चारला तोडीला जाणार. ती जाताना पोरांच्या उबेला घमेलंभर आर आत ठेवणार नाही याची हमी कोण देतो? मी देऊ शकत नाही. माझ्या शिकल्या-सवरल्या घरात आबांना कोणी अडवलं नाही.

आणि दुसरी गोष्ट आगीची. सुटलेला फोमचा भाकरीएवढा तुकडा मी बांधावर नेला, मोकळ्या वावरात, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून त्याला काडी लावली. पेटला. पेटला म्हणजे कसा, तर वाळक्या पाचटासारखा, आणि काळा धूर असा की दोन पावलं मागं सरकलो. तुम्ही हे करून बघू नका, माझ्यावर विश्वास ठेवा. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, हायड्रोजन सायनाइडही असतो. दहा बाय सहाच्या खोलीत हा धूर भरायला किती वेळ लागेल?

अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ ला ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबला आग लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला फोम लावला होता, पॉलियुरेथेनचाच, वर झाकण काही नाही. कार्यक्रमातल्या शोभेच्या दारूची ठिणगी त्यावर पडली आणि १०० माणसं गेली. तो फोम मऊ, आपला कडक, जात थोडी वेगळी. पण घराणं एकच, आणि चूकही तीच, माणसं बसतात तिथं फोम उघडा ठेवायचा. आपल्या टोळीच्या खोलीत शोभेची दारू नसेल. दारात तीन दगडांची चूल असेल, कोपऱ्यात डासांची कॉइल, भिंतीला उघड्या वायरींचा बोर्ड आणि त्याला चार मोबाईल. ठिणगीला एवढं पुष्कळ आहे.

मिस्त्री म्हणतो, “आग न लागणारा गुलाबी फोम पण येतो.” येतो. डब्यांवर बी-१, बी-२, बी-३ असे वर्ग छापलेले असतात, बी-३ म्हणजे सहज पेट घेणारा. बी-१ त्यातल्या त्यात बरा. पण तोही सांध्यात, दोन्हीकडून भिंतीत दाबलेला असताना बरा. २३० चौरस फूट उघडा पसरायला तो बनवलेलाच नाही. आणि मिस्त्री चौथ्या खोलीला कोणता डबा आणतो हे बघायला तिथं कोण उभं राहणार आहे? मी माझे जुने रिकामे डबे शोधून पाहिले. बी-३.

अजून एक आठवतं आणि अंगावर काटा येतो. डब्यातला फेस बाहेर ढकलायला जो गॅस भरलेला असतो तो पेटणारा असतो, गॅस सिलिंडरच्या जातीचाच. आम्ही बंद पिंजऱ्यात २९ डबे रिकामे केले तेव्हा बाहेर वेल्डर दाराचा अँगल मारत होता. ठिणग्या उडत होत्या. कोणाला काही सुचलं नाही. आम्ही चहा प्यायलो, फोटो काढले.

फवारणाऱ्या पोराचंही सांगितलं पाहिजे. तोंडाला गमछा बांधून तो दोन दिवस आत होता. या फोममध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते एकदा छातीला बाधलं की पुढे थोड्या वासानेही दमा उसळू शकतो. गमछ्यानं धूळ अडते, वाफ अडत नाही. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक प्रमाणाच्या वर हे रसायन असलेला माल धंद्यात वापरायचा तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, असा नियमच आहे. आपल्याकडे गन हातात दिली की झाला कारागीर.

“पण तिकडं परदेशात लोक गाडीमागं ओढायच्या अशाच खोल्या घरी बनवतात, व्हिडिओत फोमच मारतात की,” हे मला पाच-सहा जणांनी ऐकवलंय. मीही त्याच व्हिडिओंवर भुललो होतो. नंतर सावकाश बघितले तर कळलं, त्यातले जे जुने-जाणते आहेत ते भिंतीत कडक फोमच्या तयार पाट्या कापून बसवतात, आणि डबा फक्त पाटीच्या कडेच्या फटीला वापरतात. वरून प्लाय नाहीतर बोर्ड. शिवाय त्यांची गरज वेगळी. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि आतली ऊब धरून ठेवायची. आपली गरज काय? मे महिन्यात पत्रा तापू नये, आणि रात्री गुदमरू नये.

इथं एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. उष्णता अडवणारी भिंत दोन्ही बाजूंनी अडवते. झोपलेल्या माणसाचं अंग सत्तर-ऐंशी वॅटच्या बल्बएवढी ऊब सतत सोडतं. पाच-सहा जण म्हणजे चारशे वॅटचा हीटर. उघडा पत्रा दिवस मावळला की तासा-दोन तासात गार पडतो, आभाळाकडे ऊब सोडून देतो. फोम लावलेली, खिडकी बंद केलेली खोली ती ऊब रात्रभर धरून बसते. माझ्या खोलीत दुपारी खरंच बरं वाटायचं, फोटो मी दुपारीच काढले होते. रात्री एक वाजता मात्र घामानं जाग यायची, आणि बिबट्याच्या भीतीनं दार उघडता यायचं नाही. ते मी पानावर लिहिलं नव्हतं. एवढा खर्च करून कोण लिहितो?

यंदा दिवाळीआधी सगळा फोम खरवडून काढला. दोन दिवस गेले, गोण्या भरल्या. आता काय केलं ते सांगतो, नुसती नावं ठेवून भागत नाही. छतावर चार इंच उंच अँगल मारून दुसरा पत्रा टाकला, दोन्ही टोकं उघडी, मधून वारं वाहतं. वरच्या पत्र्याला पांढरा चुना. ऊन वरच्या पत्र्यानं खायचं, खालच्यानं सावलीत राहायचं. एवढ्यानंच निम्म्याहून जास्त फरक पडला, आणि हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. समोरासमोर दोन खिडक्या, बाहेरून वेल्डिंगची जाळी. त्यांच्या वर, छताला लागून, दोन झरोके जे बंद करताच येत नाहीत. मुद्दाम झडप ठेवलेली नाही, आबांना माहीत आहे का ठेवली नाही ते. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. एका खिडकीची जाळी आतून खटका काढला की सुटते, म्हणजे दारात आग असली तर दुसरी वाट आहे.

भिंतीत पाइपांच्या मध्ये ५० मिलिमीटरचं रॉकवूल घातलं, आतून सिमेंट बोर्ड. रॉकवूल दगडाच्या धाग्यांचं असतं, पेटत नाही. खाज सुटते, लांब बाह्यांचा सदरा आणि मास्क घालूनच हात लावा. बोर्डानं खोली जड झाली, पण ट्रॉलीचा सांगाडा टनावारी ऊस ओढलेला आहे, त्याला काय. आणि हो, बोर्डाच्या कडा आणि वायरीची भोकं यांना मी डब्यातला फोमच वापरला. तीन डबे लागले. तिथं तो उत्तम काम करतो, खोटं कशाला बोलू.

टोळीच्या खोल्यांना तर रॉकवूलही नको, असं माझं मत आहे. त्या पैशात डबल छप्पर, जाळीच्या मोठ्या खिडक्या आणि बंद न होणारे झरोके होतात, वर पैसे उरतात. थंडीला वाकळ आणि गोधड्या द्या. खालून वारं येऊ नये म्हणून जमिनीवर प्लाय. आर बाहेर, चूल दारापासून दहा पावलं लांब, वायरी पाइपातून.

काल संध्याकाळी त्या वाहतूकदारांच्या शेडवर जाऊन आलो. पहिला पिंजरा उभा आहे, पत्रा लागलाय. दोन खोकी डबे कोपऱ्यात होते, अजून फोडलेले नाहीत. मी बांधावरचा जळका तुकडा कागदात बांधून नेला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि आबांचं सगळं सांगितलं. मिस्त्री रागावला, म्हणाला, माझ्या धंद्यावर येताय. ते स्वतः मात्र बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होते. म्हणाले, “दुकानदार खोकी परत घेईल का बघतो.” फोडलेली नाहीत तर घेईल बहुतेक.

रविवारी ते आमच्या वावरात खोली बघायला येणार आहेत. आणखी कोणी अशी खोली करायला टाकली असेल तर त्यांनीही या, दुपारी आणि जमलं तर रात्री मुक्कामालाही. भरणं आहेच, लाईट बाराला येते.